व्हेरियस फ्लॅकस : एक उपेक्षित रोमन कोशकार

रोमन इतिहासातील उपेक्षित व्यक्तींचा विषय निघाला म्हणजे सामान्यतः पराभूत सेनापती, अल्पकाळ सिंहासनावर बसलेले सम्राट किंवा मोठ्या पुरुषांच्या छायेत राहिलेले मंत्री यांची नावे पुढे येतात. ह्या व्यक्तींची उपेक्षा निदान दिसते तरी. इतिहासाच्या कथनात त्यांची जागा रिकामी असते व ती रिकामी आहे हे वाचकाला जाणवते. विद्याव्यासंगी माणसाची उपेक्षा मात्र निराळ्या प्रकारची असते. त्याचे काम रोज वापरात असते, त्याच्यावाचून पुढच्यांचे पाऊल पडत नाही, आणि तरीही त्याचे नाव कोणी घेत नाही, कारण ते काम दुसऱ्याच्या नावावर जमा झालेले असते. ऑगस्टसच्या काळातील वैयाकरण व कोशकार मार्कस व्हेरियस फ्लॅकस हा अशा उपेक्षेचा ठळक नमुना होय. लॅटिन वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत वॅरोला स्वतंत्र प्रकरण मिळते. व्हेरियसची बोळवण बहुधा एका परिच्छेदात, आणि तीही 'फेस्टसचे मूळ' अशा शब्दांत होते. ही वाटणी न्याय्य आहे काय, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

व्हेरियसच्या चरित्राची माहिती मुख्यतः स्युटोनियसने वैयाकरणांवर लिहिलेल्या छोट्या पुस्तकातून मिळते. तो जन्माने स्वतंत्र नागरिक नव्हता. दास्यातून मुक्त झालेला होता. ह्यात नवल नाही. रोममधील व्याकरणविद्या बऱ्याच अंशी अशाच मुक्त दासांनी उभी केलेली आहे. व्हेरियसची कीर्ती झाली ती त्याच्या अध्यापनपद्धतीमुळे. समान तयारीच्या विद्यार्थ्यांना तो एकमेकांसमोर उभे करी, निबंधाचा विषय नेमून देई, आणि जो जिंकेल त्याला एखादे जुने, देखणे किंवा दुर्मिळ पुस्तक बक्षीस देई. बक्षीस म्हणून पुस्तक आणि तेही जुने पुस्तक, ह्या निवडीत त्या माणसाचा सारा कल दिसून येतो. ऑगस्टसने आपले नातू गायस व ल्युशियस यांच्यासाठी त्याला नेमले. तो आपल्या सगळ्या शाळेसह पॅलाटाइन टेकडीवरील राजगृहात राहावयास गेला. मात्र ह्यापुढे नवा विद्यार्थी घ्यावयाचा नाही, अशी अट होती. कॅटुलसच्या घराचे जे दालन तोपर्यंत राजगृहात सामील झाले होते, त्यात तो शिकवीत असे व त्याला वर्षाला एक लक्ष सेस्टर्सेस वेतन मिळे. टायबेरियसच्या कारकिर्दीत तो वृद्धावस्थेत वारला. ज्या दोन राजपुत्रांसाठी ही व्यवस्था झाली, त्यांपैकी ल्युशियस इ. स. २ मध्ये व गायस इ. स. ४ मध्ये मृत्यू पावला. म्हणजे राजकारणाच्या दृष्टीने ह्या अध्यापनाचे फळ शून्यच म्हणावयाचे.

स्युटोनियसने जाता जाता दिलेली आणखी एक हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. स्क्रिबोनियस अ‍ॅफ्रोडिसियस नावाचा एक वैयाकरण त्याच काळी रोममध्ये शिकवीत होता. तोही दास, प्रथम ऑर्बिलियसचा शिष्य, नंतर ऑगस्टसची पूर्वीची पत्नी स्क्रिबोनिया हिने त्याला विकत घेऊन मुक्त केले. ह्याने व्हेरियसच्या शुद्धलेखनविषयक ग्रंथाचे खंडन लिहिले, आणि त्यात व्हेरियसच्या विद्वत्तेवर तर हल्ला केलाच, पण त्याच्या आचरणावरही केला. आता ही स्क्रिबोनिया कोण? गायस व ल्युशियस ह्यांची आई जूलिया हिची ती आई. म्हणजे आजीच्या मुक्त दासाने नातवंडांच्या शिक्षकावर शस्त्र उपसले, तेही शब्द कसा लिहावा ह्या प्रश्नावर. वर्णलेखनाचे वाद सर्व काळी सारख्याच त्वेषाने लढले जातात, हे आपल्याकडच्या वाचकाला सांगावयास नको.

व्हेरियसने पुष्कळ लिहिले. एट्रुस्कन लोकांविषयीचा एक ग्रंथ, केटोच्या लेखनातील दुर्बोध स्थळांवरील एक ग्रंथ, स्मरणीय गोष्टींचा संग्रह, 'सॅटर्नस' ह्या नावाचे एक पुस्तक आणि उपरोक्त शुद्धलेखनविषयक ग्रंथ. थोरल्या प्लिनीने आपल्या निसर्गेतिहासात त्याचा आधार वेळोवेळी घेतला आहे. परंतु ह्यांतील एकही ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचे मुख्य कार्य म्हणजे शब्दांच्या अर्थाविषयीचा बृहत्कोश. लॅटिन भाषेतील हा पहिला मोठा वर्णानुक्रमी कोश होय. त्याचा विस्तार केवढा असावा ह्याची कल्पना एका लहानशा उल्लेखावरून येते. कॅलेंड्स, नोन्स व आयडिस ह्या दिवसांच्या दुसऱ्या दिवसाला रोमन लोक 'आतेर' म्हणजे काळा दिवस का म्हणत, ह्याचे स्पष्टीकरण ऑलस जेलियस उद्धृत करतो व ते व्हेरियसच्या कोशाच्या चौथ्या ग्रंथातील आहे असे सांगतो. चौथा ग्रंथ चालू असताना अद्याप 'अ' हाच वर्ण चालला होता! पुढच्या वर्णांचे प्रमाण ह्याच मानाने धरले, तर सबंध कोश अनेक दशक ग्रंथांचा होता असे मानावे लागते.

अशा अजस्र ग्रंथाचे भवितव्य ठरलेलेच असते. नकलून काढावयास तो फार मोठा पडतो, म्हणून कोणी तरी त्याचा संक्षेप करतो. संक्षेप हाती आला की मूळ ग्रंथ नकलण्याचे कारण उरत नाही. इ. स. दुसऱ्या शतकात सेक्स्टस पॉम्पेयस फेस्टस ह्याने व्हेरियसच्या कोशाचा वीस ग्रंथांत संक्षेप केला. एका नोंदीत त्याने आपले धोरणही स्पष्ट केले आहे. व्हेरियसने जमविलेल्या शब्दांपैकी जे मेलेले व पुरले गेलेले आहेत, ज्यांना आता उपयोगही नाही व प्रामाण्यही नाही, ते आपण वगळणार आहोत आणि जुन्या शब्दांचा उदाहरणांसह एक निराळाच संग्रह करणार आहोत, असे तो म्हणतो. तो दुसरा संग्रह आपल्यापर्यंत आलेला नाही. ह्या एका वाक्यात भाषाभ्यासकाची जी हानी साठलेली आहे, तिची मोजदाद करणे कठीण आहे. फेस्टसच्या दृष्टीने जे शब्द प्रेतवत् होते, तेच आजच्या ऐतिहासिक भाषाशास्त्राला सर्वांत जिवंत वाटले असते. अर्थात फेस्टसला दोष देऊन चालणार नाही. त्याला वाचकांना उपयोगी पडेल असा ग्रंथ हवा होता. कोशातील कोणता भाग निरुपयोगी, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक पिढी स्वतःकडे घेते आणि पुढची पिढी तो निर्णय फिरविते.

ह्यानंतर आठव्या शतकाच्या उत्तरार्धात लाँबार्ड वंशाचा ख्रिस्ती मठवासी पॉल डायकोनस ह्याने फेस्टसचाही संक्षेप केला आणि तो शार्लमेन राजाला त्याच्या ग्रंथालयासाठी अर्पण केला. अर्पणपत्रात तो प्रांजळपणे सांगतो की, अनावश्यक भाग आपण गाळला आहे, काही दुर्बोध स्थळे स्वतःच्या शब्दांत उलगडली आहेत व काही जशीच्या तशी ठेवली आहेत. पॉलच्या हातून जे गळाले त्यात प्रमाणादाखल दिलेली जुन्या ग्रंथकारांची वचने आणि त्यांची नावे फार मोठ्या प्रमाणात गेली. शब्द राहिला, अर्थ राहिला, साक्षीदार गेला. कोशकाराची खरी मेहनत साक्षीदार गोळा करण्यात असते. म्हणून दुसऱ्या संक्षेपात व्हेरियस पहिल्याहून अधिक गमावला गेला.

तरीही पॉलचे ऋण नाकारता येत नाही, कारण स्वतः फेस्टसचा ग्रंथही पूर्ण उरलेला नाही. अकराव्या शतकातील एकच हस्तलिखित, ज्याला फार्नेसियानुस म्हणतात व जे आज नेपल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, ते फेस्टसचा आधार होय. पंधराव्या शतकात ते विद्वानांच्या हाती आले तेव्हाच त्याच्या सोळा जुडग्यांपैकी पहिली सात नाहीशी झाली होती, व उरलेल्या पानांना आगीची झळ लागलेली होती. पानावर दोन स्तंभ होते. त्यांपैकी बाहेरच्या कडेचा स्तंभ जागोजागी जळालेला आहे. पुढे आणखी तीन जुडगी गहाळ झाली. त्यांतील मजकूर पोलित्सियानोप्रभृती मानवतावादी पंडितांनी करून ठेवलेल्या नकलांतून कळतो. परिणामी 'म'पासून पुढचा वर्णमालेचा अर्धा भाग जळक्या फेस्टसमध्ये आणि आधीचा अर्धा भाग केवळ पॉलमध्ये, अशी स्थिती आहे. १५५९ साली अंतोनियो अगुस्तीन ह्याने, व १५७५ साली योसेफ स्कालिगेर ह्याने ह्या ग्रंथाच्या आवृत्त्या काढल्या. जळालेल्या ओळी अनुमानाने भरून काढण्यात स्कालिगेरने दाखविलेले चातुर्य आजही विस्मयकारक वाटते, जरी त्यातील प्रत्येक पूर्ती मान्य होण्याजोगी नसली तरी. १८३९ सालची म्युलरची व १९१३ सालची लिंड्सेची आवृत्ती ह्यांवर आजचा अभ्यास उभा आहे.

ह्या साऱ्या प्रवासात मूळ कर्त्याच्या नावाचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. फेस्टस जेथे व्हेरियसशी सहमत असतो तेथे तो सहसा त्याचे नाव घेत नाही. सारा ग्रंथच त्याचा असल्याने तशी गरजही नव्हती. नाव घेतो ते बहुधा त्याला चुकीचे ठरविण्यासाठी. व्हेरियसने असे का म्हटले ते कळत नाही, व्हेरियसचे येथे चुकले, अशा धर्तीचे शेरे फेस्टसमध्ये वारंवार आढळतात. साहजिकच केवळ फेस्टस वाचणाऱ्याच्या मनावर असा ठसा उमटतो की, जे बरोबर आहे ते फेस्टसचे व जे चुकले ते व्हेरियसचे. संक्षेपकाराने अशा रीतीने, बहुधा न ठरविताही, मूळ ग्रंथकाराची अपकीर्ती त्याच्याच ग्रंथात गुंफून ठेवली. व्हेरियसविषयीच्या आधुनिक अनादराचे एक मूळ येथे आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

आता व्हेरियसवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांकडे वळू. पहिला व सर्वांत प्रचलित आक्षेप त्याच्या व्युत्पत्तींवर आहे. ह्या व्युत्पत्ती पुष्कळदा हास्यास्पद आहेत, हे कबूल केलेच पाहिजे. अविवाहित माणसाला 'केलेब्स' म्हणतात ते त्याचे जीवन 'केलुम'ला म्हणजे स्वर्गाला साजेसे असते म्हणून, अशी एक व्युत्पत्ती पॉलमध्ये नोंदलेली आहे. विवाहितांनी ती खुशाल मान्य करावी. भाषाशास्त्राला ती मान्य करता येत नाही. परंतु हा दोष एकट्या व्हेरियसचा नसून त्या विद्येचा आहे. वॅरोच्या व्युत्पत्तीही ह्याहून फार निराळ्या नाहीत. आपल्याकडे यास्काने 'अग्नि' हा शब्द 'अग्रणी'वरून लावला, त्याने निरुक्ताचे महत्त्व कमी होत नाही. कारण शब्दाचे निर्वचन करणे म्हणजे त्याचा ध्वनि-इतिहास सांगणे, अशी कल्पनाच तेव्हा नव्हती. शब्दाला त्याच्या अर्थाच्या संसारात योग्य जागा देणे, हे त्या निर्वचनाचे प्रयोजन होते. व्हेरियसलाही ह्याच तराजूत तोलले पाहिजे.

पण त्याहूनही महत्त्वाचा मुद्दा असा की, व्हेरियसची व्युत्पत्ती चुकत असताना त्याची नोंद मात्र बहुधा बरोबर असते. ह्याचे एक चांगले उदाहरण 'दाक्रिमा' ह्या शब्दाचे. अश्रूला लॅटिनमध्ये 'लाक्रिमा' म्हणतात. लिव्हियस अँड्रोनिकस हा जुना कवी मात्र पुष्कळदा 'दाक्रिमा' असे म्हणतो, आणि हे ग्रीकांच्या 'दाक्रु'शी जुळणारे आहे, असे पॉलच्या संक्षेपात आलेले आहे. त्याच्या लगतच, परकीय वकिलांना आदरातिथ्यादाखल जे दिले जाते व ज्याला आपण 'लाउतिया' म्हणतो त्याला पूर्वी 'दाउतिया' म्हणत, अशीही नोंद आहे. दोन निरनिराळ्या शब्दांत 'द' व 'ल' ह्यांचा हाच संबंध, आणि तो शेजारी शेजारी मांडलेला! एकोणिसाव्या शतकातील तुलनात्मक भाषाशास्त्राने ह्या शब्दांत मूळ 'द' होता असा निर्णय दिला, तो देताना ज्या पुराव्याचा आधार घेतला त्याचा काही भाग ह्या तीन-चार ओळींत होता. व्हेरियसने ध्वनिनियम सांगितला नाही. तो सांगण्याची साधने त्याच्याजवळ नव्हती. परंतु नियम बसविण्यासाठी जी उदाहरणे लागतात, ती त्याने एका ठिकाणी आणून ठेवली.

दुसरे उदाहरण 'सोलिताउरिलिया' ह्या यज्ञाच्या नावाखालील नोंदीचे. हा शब्द एकाच 'ल'ने का लिहितात, असा प्रश्न उपस्थित करून तेथे सांगितले आहे की, प्राचीन काळी कोणतेच व्यंजन लिहिताना द्वित्त केले जात नसे. ही रूढी एनियसने बदलली, कारण तो ग्रीक परंपरेतला होता व त्याने ग्रीक रीत उचलली. एनियसचा जन्म इ. स. पू. २३९ मध्ये झाला. बॅकस देवाच्या उत्सवांवर निर्बंध घालणारा इ. स. पू. १८६ चा सेनेटचा ठराव ताम्रपटावर कोरलेला सापडला आहे, व त्यात 'बाकानाल', 'हाबुइसे' अशीच एकेरी व्यंजने आहेत. म्हणजे शिलालेख-ताम्रपटांच्या आधुनिक अभ्यासाने जे पुढे आणले त्याची वार्ता व्हेरियसच्या परंपरेत आधीच जतन झाली होती. ह्या बदलाचे श्रेय एका एनियसला द्यावे की नाही, हा प्रश्न वेगळा.

इतिहासाच्या अभ्यासकाचीही स्थिती ह्याहून वेगळी नाही. पूर्वी सेनेटमध्ये न निवडले गेलेले पुरुष कलंकित समजले जात नसत, कारण राजे व त्यांच्यामागून कॉन्सल आपापल्या निकटवर्तीयांना निवडीत. पुढे ओव्हिनियसच्या कायद्याने प्रत्येक श्रेणीतून सर्वोत्तम माणसे निवडण्याचे काम सेन्सरांकडे शपथपूर्वक सोपविण्यात आले, अशी एक नोंद फेस्टसमध्ये आहे. रोमन राज्यघटनेच्या विकासातील हा केवढा मोठा टप्पा! पण ह्या कायद्याचे अस्तित्व आपल्याला कळते ते केवळ ह्या नोंदीमुळे. लिव्हीसारख्या विस्तृत इतिहासकाराने त्याचा उल्लेखही केलेला नाही. एका शब्दप्रयोगाचा अर्थ सांगता सांगता कोशकाराने जे नोंदवून ठेवले, ते इतिहासकाराच्या हातून निसटले. बारा कोष्टकांच्या कायद्याचे, सालियन पुरोहितांच्या सूक्तांचे, केटोच्या भाषणांचे व नीव्हियसच्या काव्याचे कितीतरी अवशेष ह्याच एका ग्रंथात टिकून आहेत.

शुद्धलेखनविषयक ग्रंथाचा एकच अवशेष येथे घेऊ, पण तो सविस्तर घ्यावा इतका मोलाचा आहे. लॅटिनमध्ये शब्दाच्या अंती येणारा 'म्' व्हेरियसच्या काळी पूर्णत्वाने उच्चारला जात नव्हता. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असला की छंदात तो 'म्' आपल्या आधीच्या स्वरासह लुप्त होई. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील स्किपिओ घराण्याच्या समाधिलेखात तर 'ओइनो', 'दुओनोरो' अशी अन्त्य 'म्' गाळलेली रूपे सरळ कोरलेलीच आहेत. लिहिण्यात मात्र शिष्टांनी 'म्' सोडला नव्हता. व्हेलियस लाँगस हा वैयाकरण सांगतो की, ह्या प्रश्नावर व्हेरियसने एक अजब उपाय सुचविला होता. पहिला शब्द 'म्'ने संपत असेल व पुढचा स्वराने सुरू होत असेल, तर तेथे 'म्'चे पूर्ण अक्षर न लिहिता त्याचा पहिला अर्धा भागच लिहावा, म्हणजे हा वर्ण उच्चारावयाचा नाही हे वाचकाला कळेल.

ह्या सूचनेची टवाळी करणे सोपे आहे, व स्क्रिबोनियसने ती केली नसेल तरच नवल. पण मराठी वाचकाने टवाळी करण्याआधी थोडे थांबावे. 'नांव', 'पांच', 'कांहीं' ह्या शब्दांवर शतकानुशतके जो अनुस्वार दिला जात होता, तो उच्चारात राहिलेला नव्हता. व्युत्पत्तीच्या व रूपसिद्धीच्या आदराने तो लिहिला जात होता. हा अनुस्वार ठेवावा की काढावा ह्यावर महाराष्ट्रात किती शाई सांडली, हे सर्वश्रुत आहे. शेवटी १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांनी तो काढून टाकला. उच्चारातून जाऊ लागलेल्या नासिक्य ध्वनीला लेखनात कोणते स्थान द्यावे, हा व्हेरियससमोरचा प्रश्न हाच होता. आपल्या वादात दोनच पक्ष होते. व्हेरियसने तिसरा मार्ग सुचविला, तो म्हणजे अक्षराचे अर्धे शरीर ठेवावयाचे. ह्या अर्ध्या शरीरात व्युत्पत्ती व उच्चार दोन्ही सांभाळले जात होते. सुमारे दोन पिढ्यांनी क्विंटिलियनने ह्याच अन्त्य 'म्'विषयी असे निरीक्षण केले की, तो नाहीसा होत नाही, अस्पष्ट होतो, आणि जणू एखाद्या नव्याच वर्णाचा ध्वनी देतो. आजचे भाषाशास्त्र ज्याला सानुनासिक स्वर म्हणते तो हाच असावा. तेव्हा व्हेरियसचा अर्धा 'म्' ही लेखनिकाची लहर नव्हती. अस्तित्वात असलेल्या पण वर्णमालेत जागा नसलेल्या ध्वनीसाठी चिन्ह शोधण्याचा तो प्रयत्न होता, आणि त्यामागे कान तयार असलेला माणूस होता. सूचना रूढ झाली नाही. क्लॉडियसने सम्राटपदाच्या जोरावर तीन नवी अक्षरे आणली, त्यांतील एक अर्ध्या 'एच्'चे होते. तीही त्याच्या मृत्यूनंतर टिकली नाहीत. सम्राटाला जे साधले नाही ते शाळामास्तराला कोठून साधणार?

दुसरा आक्षेप असा की, व्हेरियस हा राजाश्रित होता. त्याने प्रेनेस्टे, म्हणजे आजचे पॅलेस्ट्रिना, येथे चौकाजवळच्या अर्धवर्तुळाकार वास्तूत संगमरवरावर एक पंचांग कोरविले. त्याच चौकात त्याचा पुतळाही होता. ह्या पंचांगाचे तुकडे अठराव्या शतकात सापडले आणि फोज्जिनी ह्याने १७७९ साली ते प्रसिद्ध केले. त्यात सण, दिवसांच्या कायदेशीर प्रकारांच्या खुणा व त्यांची स्पष्टीकरणे आहेत. पिकावर तांबेरा पडू नये म्हणून २५ एप्रिलला रोबिगस देवतेसाठी होणाऱ्या विधीची माहिती आहे. त्याबरोबरच ५ फेब्रुवारीस, इ. स. पू. २ मध्ये, सेनेट व लोक यांनी ऑगस्टसला 'राष्ट्रपिता' म्हटल्याचा सण आहे, आणि राजघराण्याची इतरही वर्धापने आहेत. शेतकऱ्याच्या सणाशेजारी सम्राटाची बिरुदे बसविणे ही राजसेवा होती, हे नाकारण्याचे कारण नाही. व्हेरियस स्वतंत्र बाण्याचा पुरुष होता असे दाखविण्याचा प्रयत्न करणे व्यर्थ आहे. मात्र ह्याच पंचांगातील स्पष्टीकरणांनी ऑव्हिडच्या 'फास्ती' ह्या काव्याच्या अभ्यासाला जे साहाय्य केले, ते राजसेवेच्या खात्यात टाकता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. व्हेरियस हा केवळ संकलक, त्याची सामग्री वॅरो व इतर पूर्वसूरींची, असे म्हणतात. वॅरोच्या लॅटिन भाषाविषयक ग्रंथाचे पंचवीस भाग होते. त्यांतील पाच ते दहा हे भाग आज उपलब्ध आहेत. त्यात सिद्धान्त आहे, सादृश्य व असादृश्य ह्यांची मीमांसा आहे, एका विचारवंताचे व्यक्तित्व आहे. व्हेरियसच्या अवशेषांत ह्यांतले काही नाही, व सैद्धान्तिक बुद्धीच्या बाबतीत वॅरोचे श्रेष्ठत्व निर्विवाद आहे. तथापि म्युलरपासून अभ्यासकांच्या ध्यानात आलेली एक गोष्ट ह्या आक्षेपाची धार कमी करते. फेस्टसच्या ग्रंथात प्रत्येक वर्णाखाली दोन थर दिसतात. पहिल्यात शब्द पहिल्या दोन-तीन अक्षरांनुसार लावलेले आहेत. दुसऱ्यात हा क्रम नाही, तर एकाच ग्रंथकाराचे किंवा एकाच विषयाचे शब्द घोळक्याने येतात. १८८७ साली राइट्झेनश्टाइनने ह्या रचनेच्या आधारे व्हेरियसच्या मूलस्रोतांचा सविस्तर शोध घेतला. ज्याने कोशाचे काम जवळून पाहिले आहे त्याला हा दुसरा थर पाहताच ओळख पटते. एक ग्रंथ समोर घेऊन त्यातील शब्द ओळीने टिपून काढावेत, आणि त्या टिपणांचा गठ्ठा वर्णानुक्रमात मिसळण्याआधीच काम थांबावे, तशी ती अवस्था आहे. केटो किंवा प्लॉटस ह्यांच्या कृती ओळीने वाचून शब्द वेचणाऱ्या माणसाला नुसता वॅरोचा नक्कलनवीस म्हणणे धाडसाचे ठरेल. संकलन हा शब्द भाषाभ्यासाच्या इतिहासात जरा कमी प्रतीचा म्हणून वापरला जातो; तो तसा वापरणाऱ्यांनी स्वतः कधी एखाद्या वर्णाची शब्दपत्रे लावून पाहावीत.

अलीकडच्या काळात ह्या परंपरेकडे पुन्हा लक्ष वळले आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फेस्टसच्या कोशावर संशोधनप्रकल्प झाला व २००७ साली व्हेरियस, फेस्टस आणि पॉल ह्या तिघांवरील लेखांचा संग्रह निघाला. तिन्ही नावे एकत्र, व तीही कालक्रमाने, शीर्षकात येणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु विद्वानांच्या ह्या लहान वर्तुळाबाहेर जुनीच रीत चालू आहे. १९९५ साली इटालियन तत्त्वज्ञ ज्योर्ज्यो आगाम्बेन ह्याने 'होमो साकेर' हा ग्रंथ लिहिला व तो जगभर वाचला गेला. लोकांनी ज्याला अपराधाबद्दल 'साकेर' ठरविले त्याचा बळी देता येत नाही, पण त्याला ठार मारणारा मनुष्यवधाचा दोषी ठरत नाही, ह्या एका प्राचीन व्याख्येवर त्या ग्रंथाची उभारणी आहे. ही व्याख्या 'साकेर मोन्स', म्हणजे पवित्र पर्वत, ह्या शब्दाखालील नोंदीत येते. राजकीय तत्त्वज्ञानावरील लेखनात ती 'फेस्टसची व्याख्या' ह्या नावानेच उद्धृत होत असते.